जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यावर पार्किंग कसं लावायचं

शहराच्या जुन्या भागातल्या पार्किंगवर बैठक बोलावली की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, ‘इथे जागाच नाही हो.’ मग एक जण बहुमजली वाहनतळ मागतो, दुसरा रहिवाशांसाठी राखीव पट्टे मागतो, दुकानदार म्हणतात पार्किंगचे पैसे घेणारे मीटर लावलेत तर गिऱ्हाईक तुटेल, आणि चहा येतो. मी रस्त्यांची पाहणी करून पार्किंगचे आराखडे करते. अशा बैठकांना बसून बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. जुन्या भागात रस्त्याची कड वाढत नाही. दोन्ही बाजूंच्या इमारती मोटार येण्याच्या आधीपासून उभ्या आहेत आणि त्या तशाच राहाव्यात म्हणून तर आपण धडपडतो. आपल्या हातात उरतं ते एवढंच: कोणती जागा, कोणत्या वेळी, कोणाला, किती वेळ. आणि हे जमलं की नाही याची परीक्षा एकच. चौक ते चौक प्रत्येक तुकड्यावर कुठल्याही घटकेला एखाददुसरी जागा रिकामी दिसली पाहिजे. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं त्या एका रिकाम्या जागेसाठी आहे.

आधी कड मोजा

पहिल्या दिवशी गाड्या मोजू नका, रस्ता मोजा. टेप घ्या, सोबत एक माणूस घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांचा कच्चा नकाशा काढा. फाटकं, बोळांची तोंडं, अग्निशमनाचे नळ, बसथांबे, झाडं, रस्त्यावर आलेल्या पायऱ्या, सगळं त्यावर उतरवा.

मग वजाबाकी करा. आगीचा बंब उभा राहून काम करू शकेल यासाठी ब्रिटनमधली रस्ते-आखणीची मार्गदर्शिका ३.७ मीटर मोकळी रुंदी धरते. मीही तोच आकडा धरते आणि त्यावर घासाघीस करत नाही. रस्ता सहा मीटरचा असेल तर दोन मीटरचा पार्किंगचा पट्टा एका कडेला बसतो, दोन्हीकडे बसत नाही. साडेपाच मीटरच्या गल्लीत चारचाकी एकाही कडेला बसत नाही. हे तिथल्या लोकांना सांगणं जड जातं, कारण वर्षानुवर्षं ते दोन्हीकडे गाड्या लावत आलेले असतात. पण लाकडी माड्यांच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत आग लागली तर काय होईल ते त्यांनाही ठाऊक असतं. नकाशा पुढे ठेवून शांतपणे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

कोपरे मोकळे सोडा, निदान सहा मीटर. कॅलिफोर्नियात २०२५ पासून पादचारी पट्ट्याच्या अलीकडच्या २० फुटांत गाडी उभी केली तर दंड होतो. न्यू जर्सीतलं होबोकेन हे दाट, जुनं शहर. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या गाड्या हटवल्या, वेगमर्यादा कमी केली, आणि २०१७ नंतर कित्येक वर्षं शहराच्या रस्त्यांवर अपघातात एकही माणूस दगावला नाही. कोपऱ्यावर सायकलींचे स्टँड मात्र खुशाल लावा. त्यांच्यावरून पलीकडचं दिसतं.

उरलेल्या कडेवर जागा पाडा. रस्त्याला समांतर लावायच्या मोटारीला सहा मीटर, आणि पुढेमागे दुसऱ्या गाड्या असतील तर साडेसहा. त्याच लांबीत पाच-सहा दुचाकी आडव्या बसतात, म्हणून दुचाकींचा भरणा असलेल्या भागात त्यांचा पट्टा वेगळा काढा. नाहीतर एका मोटारीच्या जागेवर एक स्कूटर तिरकी उभी राहते आणि दिवसभराची जागा जाते.

मग गाड्या मोजा, नंबरासकट

नुसत्या गाड्या मोजून काही कळत नाही. दुपारी बारा वाजता वीसपैकी वीस जागा भरलेल्या आहेत, एवढंच कळेल. त्या वीस गाड्या कोणाच्या आणि कधीपासून, ते कळणार नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने त्याच वाटेने चालायचं आणि प्रत्येक जागेपुढे नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहायचे. एक कामाचा दिवस, एक शनिवार आणि एक रात्र. रात्रीची फेरी दोन ते चारच्या दरम्यान करा. त्या वेळी रस्त्यावर जी गाडी आहे ती जवळपास नक्की रहिवाशाची असते. रहिवाशांना द्यायच्या परवान्यांचा सगळा हिशेब पुढे याच आकड्यावर उभा राहणार आहे, म्हणून ही फेरी टाळू नका.

घरी येऊन तक्ता मांडला की चित्र उलगडतं. समजा एका बाजूला २० जागा आहेत आणि बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ७ चालतो. म्हणजे तुमच्याकडे २०० जागा-तास आहेत. त्यांतल्या १२ जागांवर सकाळी नऊला आलेली गाडी सातलाच हलते. गेले १२० तास. उरलेल्या आठ जागांवर तासाभरासाठी येणारी माणसं आली तर दिवसात ८० गाड्या. एकूण ९२ गाड्यांसाठी रस्ता दिवसभर खच्चून भरलेला, आणि आणखी येणारे गोल गोल फिरणारे. आता त्या बारा गाड्या दुसरीकडे गेल्या, सगळे तासाभरासाठी येऊ लागले आणि रस्ता ८५ टक्केच भरला, तर १७० गाड्या येऊन जातात. शिवाय तीन जागा सतत मोकळ्या. तेवढ्याच कडेवर दुपटीला थोडी कमी गिऱ्हाइकं, आणि वाहनतळासाठी एक वीटही रचायला लागली नाही.

त्या बारा गाड्या कोणाच्या, हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. दुकानं उघडायच्या वेळी उभं राहा. शटर वर करणारा माणूस ज्या गाडीतून उतरतो ती गाडी बघा. मीटरला कडाडून विरोध करणाऱ्यांपैकी निम्म्यांची स्वतःची गाडी त्यांच्याच दुकानाच्या दारात दिवसभर उभी असते, निदान माझ्या पाहणीत तरी. त्यांना चारचौघांत उघडं पाडू नका, कामं अडतात. तक्ता दुकानाचं नाव न लिहिता दाखवा आणि विचारा, ‘या बारा जागा मोकळ्या झाल्या तर तुमच्याकडे रोज किती माणसं जास्त येतील?’ हिशेब दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगला येतो.

मात्र त्या बारा गाड्यांना जायला ठिकाण हवं. पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरावर, दिवसभरासाठी स्वस्त अशी जागा आधी शोधा: शाळेचं सुट्टीतलं पटांगण, कार्यालयाचा अर्धा रिकामा आवार, जुन्या भागाच्या वेशीबाहेरचा रुंद रस्ता. दुकानातल्या कामगारांचा विचार वेगळा करा. मालक चालू शकतो. रात्री उशिरा एकटीने घरी जाणाऱ्या मुलीला अंधाऱ्या रस्त्याने दहा मिनिटं चालायला लावणं बरं नाही, तिथे दिवे लावणं हा पार्किंगच्याच कामाचा भाग धरा.

मीटर कशासाठी, किती आणि कधीपर्यंत

पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत लागला, तासाला पाच सेंट. कार्ल मॅगी या वृत्तपत्रवाल्याच्या डोक्यातून तो निघाला, आणि कारण तेच होतं जे आजही आहे: बाजारपेठेत कामाला येणारे सकाळी गाड्या लावून टाकत आणि खरेदीला येणाऱ्यांना जागा राहत नसे. सुरुवातीला मीटर रस्त्याच्या एकाच बाजूला होते. थोड्याच दिवसांत समोरच्या बाजूचे दुकानदार आम्हालाही मीटर द्या म्हणू लागले. बैठकीत मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

मीटर तिजोरीसाठी लावला की दर चुकतो. वर्षाला इतके जमले पाहिजेत असा आकडा अंदाजपत्रकात बसला की मग रिकाम्या रस्त्यावरही दर वाढतात. दर ठरवायचा तो भरलेल्या जागा बघून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हे आयुष्यभर सांगितलं: सुमारे ८५ टक्के जागा भरतील इतका दर ठेवा, म्हणजे साधारण सातात एक जागा मोकळी. त्यांनी आपल्या विद्यापीठाशेजारच्या वेस्टवुड व्हिलेज या पंधरा तुकड्यांच्या बाजारात मोजलं तर जागा शोधायला सरासरी ३.३ मिनिटंच लागत होती. ऐकायला काहीच नाही. पण सगळ्यांच्या घिरट्या जोडल्या तर वर्षाला साडेनऊ लाख मैल, म्हणजे पंधरा लाख किलोमीटरच्या वर. हे सगळं इंधन जागा शोधण्यात जळत होतं.

सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर लावलं. जागांमध्ये गाडी आहे की नाही हे ओळखणारे संवेदक बसवले, तुकडानिहाय आणि दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर ठेवले. ८० टक्क्यांच्या वर जागा भरल्या की ताशी दर पाव डॉलरने वर, ६० पेक्षा कमी भरल्या की खाली. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा मीटरचा सरासरी दर आधीपेक्षा किंचित कमीच झालेला निघाला. गर्दीच्या चार रस्त्यांवर वाढ, पण शेजारच्या ओस गल्ल्यांत घट. छोट्या पालिकेला संवेदकांची गरज नाही. तुमच्या नंबरप्लेटच्या फेऱ्या वर्षातून तीनदा केल्या की पुरतं.

केवळ वेळेची मर्यादा लावून काम भागेल, असं अनेकांना वाटतं. ‘फक्त दोन तास’ अशी पाटी, फुकट. हे मला पटत नाही. दोन तास झाले की दुकानातला मुलगा गाडी दोन जागा पुढे सरकवतो, पाटीचा मान राहतो आणि जागा अडकलेलीच. ते पकडायचं तर टायरवर खडूची खूण करत कुणीतरी फिरायला हवं. मिशिगनमधल्या सॅगिनॉ शहराच्या खटल्यात २०१९ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने, टायरवर खडूने खूण करणं ही राज्यघटनेच्या दृष्टीने झडतीच आहे, असं म्हटलं. खडूचा तुकडा इतक्या वर गेल्याचं मला अजून नवल वाटतं. मर्यादा ठेवायचीच असेल तर नियम असा लिहा की एकदा उठलेली गाडी काही तास त्याच तुकड्यावर परत लागणार नाही. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे चढता दर: पहिला तास हलका, दुसरा जरा जड, तिसऱ्यापासून नकोसा. ज्याला खरंच चार तास बसायचं आहे तो पैसे भरून बसेल, पाटीशी लपाछपी करणार नाही.

पहिला तास फुकट, ही मागणी हमखास येते. ती मान्य केली की पहिल्या तासाची पावती काढायची सवयच लागत नाही आणि तपासणाऱ्याला काही कळत नाही. औषधाच्या दुकानापुढे, टपालाच्या दारात अशी प्रत्येक तुकड्यावर एक जागा दहा-पंधरा मिनिटांसाठी राखा, तेवढं पुरतं.

मीटरची वेळ कार्यालयाच्या घड्याळावर ठरवू नका. संध्याकाळी सहाला मीटर बंद, ही जुनी सवय आहे. खानावळी आणि नाट्यगृहं असलेल्या रस्त्यावर खरी चणचण सातनंतर सुरू होते. तिथे मीटर रात्री दहापर्यंत चालू द्या आणि सकाळी अकरापर्यंत बंद ठेवा. तुमचा तक्ता सांगेल तशी वेळ.

पैशाचं काय करायचं, यावर सगळी योजना तगते किंवा पडते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराचा जुना भाग एके काळी मोडकळीला आला होता. तिथे मीटर लावायला व्यापारी तयार नव्हते. पालिकेने शब्द दिला की मीटरचा पैसा याच भागात खर्च होईल, आणि १९९३ मध्ये मीटर लागले. त्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढून पदपथ, दिवे, झाडं आणि मागच्या बोळांची दुरुस्ती झाली. ज्यांनी विरोध केला तेच मग मीटर रविवारीही आणि रात्रीही चालू ठेवा म्हणाले. तेव्हा ठरावातच लिहून घ्या की यंत्रं आणि तपासणी यांचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याच रस्त्यांवर परत येईल, आणि मीटरवर छोटी पाटी लावा: या पैशातून अमुक पायऱ्या दुरुस्त झाल्या. पैसा पालिकेच्या साधारण निधीत गेला की तो कुणालाच दिसत नाही.

आणि कड विकू नका. शिकागोने २००८ च्या अखेरीस आपले सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले, एकरकमी १ अब्ज १५ कोटी डॉलर घेऊन. शहराचा कारभार तपासणाऱ्या त्याच्याच महानिरीक्षकांनी पुढे दाखवलं की हा सौदा खऱ्या किमतीपेक्षा बराच स्वस्तात गेला. त्याहून वाईट म्हणजे आता एखाद्या रस्त्यावर मीटर काढून सायकलचा पट्टा करायचा किंवा रस्ता काही दिवस बंद ठेवायचा तर शहरालाच कंपनीला भरपाई द्यावी लागते. यंत्रं चालवायला ठेकेदार नेमा, थोड्या वर्षांसाठी. दर, वेळ आणि जागा ठरवण्याचा अधिकार कधीही देऊ नका.

रहिवाशांचे परवाने

रहिवाशांना वेगळी वागणूक देणं न्याय्य आहे का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीने कामावर येणाऱ्यांना दिवसा वस्तीत गाड्या लावायला बंदी केली आणि रहिवाशांना परवाने दिले. १९७७ मध्ये न्यायालयाने ते वैध ठरवलं: गोंगाट आणि वाहतूक कमी करणं हा योग्य हेतू आहे, आणि त्यासाठी असा भेद करता येतो.

अवघड भाग पुढे आहे. परवाने किती द्यायचे? बहुतेक ठिकाणी जो अर्ज करेल त्याला परवाना मिळतो. तीनशे जागा आणि सातशे परवाने, म्हणजे चारशे घरांना वर्षभर खोटं आश्वासन. रात्रीच्या फेरीचा आकडा इथे काढा. रात्री तीनशे जागांवर दोनशे ऐंशी गाड्या असतील तर तुमचा भाग आत्ताच भरलेला आहे आणि नवा परवाना कुणीतरी सोडल्याशिवाय देता येणार नाही. प्रतीक्षायादी लावा, ती उघडी ठेवा, कुणालाही आपला क्रमांक बघता येऊ दे. सगळे परवानाधारक एकाच वेळी घरी नसतात, म्हणून जागांपेक्षा थोडे जास्त परवाने चालतात. किती जास्त, ते सहा महिन्यांनी परत रात्री फिरून ठरवा.

परवाना घरपत्त्याला द्या, आणि त्यावर गाडीचा नंबर असू द्या. नुसत्या माणसाला दिला की भाचे-पुतण्यांच्या गाड्या आजीच्या पत्त्यावर येतात. पहिल्या गाडीचं शुल्क माफक, दुसरीचं दुपटीहून जास्त, तिसरीला परवाना नाही. ज्यांच्या घराला स्वतःचं गॅरेज किंवा अंगण आहे त्यांना पहिला परवाना देताना गॅरेज उघडून दाखवायला सांगा. तिथे जुनी कपाटं आणि कुलर भरलेले असतात आणि गाडी रस्त्यावर असते. जपानने १९६२ च्या कायद्याने याहून पुढची पायरी गाठली. तिथे बहुतेक भागांत गाडी नोंदवण्याआधीच ती ठेवायला रस्त्याबाहेरची जागा असल्याचं पोलिसांकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एवढं कडक पाऊल एकट्या पालिकेच्या हातात नसतं, पण एक गोष्ट असते. जुन्या वाड्यासारखी मोठी इमारत पाडून किंवा आतून तोडून त्यात वीस सदनिका होणार असतील तर बांधकामाच्या परवानगीतच लिहा की या पत्त्यांना रस्त्यावरचा परवाना मिळणार नाही. लंडनचे कित्येक भाग असंच करतात. घर घेणाऱ्याला आधी कळतं, नंतर भांडण नाही.

परवान्याचा विभाग किती मोठा असावा? फार लहान केला तर एका गल्लीचे लोक दोन पावलांवरच्या दुसऱ्या गल्लीत लावू शकत नाहीत आणि तिथे जागा ओस पडते. फार मोठा केला तर विभागातलेच लोक परवान्याच्या जोरावर गाडी काढून स्टेशनापर्यंत जातात आणि तिथे दिवसभर लावतात. पायी पाच मिनिटांत आरपार जाता येईल एवढा विभाग मला योग्य वाटतो.

जागा दोघांत वाटता येतात, हे विसरू नका. रहिवासी दिवसा कामाला गेले की त्यांचे पट्टे रिकामे असतात, आणि रात्री दुकानापुढचे रिकामे असतात. दिवसा मीटर आणि परवाना दोन्ही चालतील, रात्री आठनंतर फक्त परवाना, अशी पाटी लावली तर तीच कड दोनदा कामाला येते. निव्वळ राखीव पट्टे मी अगदी शेवटच्या गल्लीसाठी ठेवते.

घरी येणारे पाहुणे, आजाऱ्याची सेवा करायला येणारी बाई, नळ दुरुस्त करणारा यांच्यासाठी प्रत्येक घराला वर्षाला ठरावीक दिवसांचे तात्पुरते परवाने द्या. आजारपणाच्या सेवेचा परवाना वेगळा आणि फुकट असावा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. त्यात कंजुषी करू नका. तात्पुरते परवाने बाजारात विकले जातात, म्हणून त्यावर तारीख आणि गाडीचा नंबर आधी भरणं सक्तीचं करा.

माल आणि अपंग

माल उतरवायची वेळ सकाळी, दुकानं भरात येण्याआधी. प्रत्येक लांब तुकड्यावर ट्रकला पुरेल अशी १२ मीटरची एक जागा, सकाळी मालासाठी, नंतर मीटरवर. ती नसली तर ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा राहतोच, तुम्ही काहीही लिहा. अपंगांसाठीची जागा सपाट भागात, पदपथाला उतार असलेल्या ठिकाणी आणि बाजूला चाकाची खुर्ची उतरेल एवढी रुंदी सोडून. जुन्या फरशीच्या रस्त्यावर ही जागा शोधायला वेळ लागतो, तो द्या.

खांब, रंग आणि जुना दगड

इथे अभियंत्यांचा आणि वारसा जपणाऱ्यांचा खटका उडतो, आणि बहुतेक वेळा वारसावाल्यांचं बरोबर असतं. प्रत्येक जागेपुढे एक मीटर, त्याचा खांब, वर पाटी, म्हणजे वीस जागांना वीस खांब. तुकड्याला एकच यंत्र ठेवा, गाडीचा नंबर टाकून पैसे भरायचे, काचेवर पावती लावायची गरज नाही. पाट्या असलेल्या दिव्याच्या खांबांना बांधा. जुन्या भिंतीत खिळा ठोकू नका. खांब रोवायचाच असेल तर आधी खाली काय आहे ते तपासा. जुन्या भागात पदपथाखाली तळघरं निघतात, आणि ड्रिलने छत फोडल्यावर ती कळून उपयोग नसतो.

घडीव दगडाच्या रस्त्यावर जाड पांढरा रंग ओतला की तो निघत नाही. जागेचे कोपरे धातूच्या चपट्या खिळ्यांनी किंवा वेगळ्या छटेच्या दगडांनी दाखवा. ब्रिटनमध्ये जुन्या वस्त्यांत बंदीच्या पिवळ्या रेषा ५० मिलिमीटर इतक्या बारीक आणि फिक्या पिवळ्या छटेत काढायला परवानगी आहे. काही विभागांत रेषाच नसतात, विभागाच्या तोंडाशी पाटी असते: आत फक्त आखलेल्या जागांवर गाडी लावा. अरुंद गल्ल्यांच्या, मोजकी तोंडं असलेल्या भागाला हा उपाय फार शोभतो.

पैसे भरायला फक्त ॲप, हे मला मान्य नाही. स्मार्टफोन नसलेला म्हातारा माणूसही गाडी चालवतो, आणि जाड भिंतींच्या बोळांत मोबाइलची रेंज जाते. तुकड्यावरच्या एका यंत्रात नाणी चाललीच पाहिजेत, किंवा जवळच्या दुकानात रोखीने भरायची सोय हवी.

तपासणी

दंड मोठा ठेवून आठवड्यातून एकदा फिरणं आणि दंड लहान ठेवून रोज फिरणं, यांत दुसरंच उपयोगी पडतं. पकडले जाऊ याची खात्री असेल तर माणूस पावती काढतो. पकडलं जाण्याची लॉटरी असेल तर तो लॉटरी खेळतो. पहिल्या वेळी नुसती सूचना, दुसऱ्या वेळी लहान दंड, मग वाढता. वेळ संपल्यावर थोडी सवलत द्या. इंग्लंडमध्ये २०१५ पासून पालिकांच्या जागांवर ती दहा मिनिटांची आहे, आणि त्यामुळे तपासनिसाशी होणारी निम्मी वादावादी उगवतच नाही.

जॅमर लावू नका. जी गाडी रस्त्यातून हलायला हवी आहे तिलाच कुलूप घालायचं, यातलं शहाणपण मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. बंबाचा रस्ता अडवणारी गाडी उचलून न्या, बाकीच्यांना पावती द्या. तपासणाऱ्याचा पगार ठोकलेल्या दंडावर अवलंबून ठेवू नका. आणि पालिकेच्या गाड्या, पोलिसांच्या खासगी गाड्या, पदाधिकाऱ्यांच्या गाड्या पहिल्या आठवड्यात तपासा. सगळा बाजार तेवढंच बघत असतो.

सुरू केल्यावर

एका रस्त्यावर मीटर लावला की गाड्या शेजारच्या फुकट गल्लीत जातात. म्हणून पाहणी करताना ठरलेल्या हद्दीच्या दोन गल्ल्या पुढपर्यंत मोजा आणि तिथल्या रहिवाशांना परवान्याची योजना पहिल्याच दिवशी तयार ठेवा, त्यांची ओरड झाल्यावर नव्हे. जवळपास नवा वाहनतळ बांधणार असाल तर झ्युरिकचा नियम पाहा. तिथे १९९६ च्या तडजोडीनंतर मध्यवर्ती भागातल्या जागांची एकूण संख्या १९९० च्या पातळीवर गोठवली गेली. इमारतीत नवी जागा झाली की रस्त्यावरची तेवढी जागा काढायची, आणि मोकळ्या झालेल्या चौकात बाकं आणि झाडं. नाहीतर वाहनतळही भरतो आणि रस्ताही भरलेलाच राहतो.

सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वाटेने परत फिरा. ज्या तुकड्यावर सलग गर्दीच्या तासांत एकही जागा मोकळी नसेल तिथे दर एक पायरी वर न्या. जिथे अर्ध्या जागा ओस असतील तिथे एक पायरी खाली आणा. बदलाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे दरवेळी नवं आंदोलन होत नाही. आणि दर कमी केला असेल तर त्याची पाटी वाढीच्या पाटीएवढीच मोठी लावा.